संगणक अपडेट झाला आणि फाइली चढेनात? आधी काही डिलीट करू नका



आजचा संदेश औषधाचा नाही, हवामानाचाही नाही. फाइलींचा आहे. संदेश मोठा आहे, म्हणून सावकाश वाचा. आत्ता फवारणीची गडबड असेल तर संध्याकाळी वाचा, पण स्टार करून ठेवा. घरात मुलांचा लॅपटॉप असेल तर मुलांनाही वाचायला द्या.

*हा विषय का काढला?*

गोडी छाटणीनंतर आपण सगळे फवारणी वहीच्या पानाचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवतो. ऑफिसमध्ये तो संगणकावर प्लॉटवार ठेवला जातो, तिथून गूगल ड्राइव्हवर चढतो आणि तुमच्याकडे असलेल्या लिंकवर तुम्हाला दिसतो. हे तुम्हाला माहीत आहे.

मध्यंतरी ऑफिसचा संगणक विंडोज १० वरून विंडोज ११ वर नेला. विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळे बदल करणं भागच होतं. अपडेट व्यवस्थित झालं, संगणक सुरू झाला, आम्ही कामाला लागलो.

बाराव्या दिवशी एका खरेदीदाराने आपल्या एका सभासदाच्या प्लॉटच्या नोंदी मागितल्या. निर्यातीच्या बागेत नोंदींना किती महत्त्व आहे ते वेगळं सांगायला नको. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती प्रमाणात आणि काढणीपूर्व कालावधी पाळला की नाही, हे सगळं त्या पानांवरूनच ठरतं. ड्राइव्ह उघडला तर तीन फवारण्यांची पानं नाहीत. आम्ही सभासदाला फोन करून म्हणालो, "भाऊ, तुमच्या तीन नोंदी आल्या नाहीत." ते म्हणाले, "मी तर त्याच त्या दिवशी पाठवल्यात, तुम्हीच बघा." आणि वही काखेत मारून ते ऑफिसला हजर झाले.

त्यांचं खरं होतं. पानं आली होती, संगणकावर ठेवलीही होती. पण अपडेटच्या दिवसापासून *एकही* पान ड्राइव्हवर चढलं नव्हतं. फक्त त्यांचं नाही, कोणाचंच नाही. चूक आमची होती आणि जाब मात्र आम्ही त्यांना विचारला. त्यांची माफी मागितली आहे, इथे सगळ्यांसमोर पुन्हा मागतो.

काय झालं होतं, कसं शोधलं आणि तुमच्या घरच्या संगणकावर किंवा फोनवर असं झालं तर काय करायचं, ते आता क्रमाने सांगतो. पडद्यावर इंग्रजीत दिसणारे शब्द इथे मराठी अक्षरांत दिले आहेत.

*आधी एक गोष्ट पक्की करा: सिंक म्हणजे बॅकअप नाही*

समजा, दोन वह्या आहेत. एक तुमच्या घरी, दुसरी लांबच्या कपाटात. मध्ये एक माणूस बसवलाय. तुम्ही घरच्या वहीत लिहिलं की तो कपाटातल्या वहीत तेच लिहितो. या माणसाचं काम म्हणजे सिंक. पण तुम्ही घरच्या वहीतलं पान फाडलं, तर तो कपाटातल्या वहीतलंही पान फाडतो. तो विचारत बसत नाही.

म्हणून फाइली दिसेनाशा झाल्या, डबल दिसायला लागल्या किंवा चढेनाशा झाल्या, तर पहिला नियम:

❌ काहीही डिलीट करू नका.
❌ "डबल फोल्डर दिसतोय, एक उडवून टाकू" असं करू नका.
❌ ड्राइव्हचं किंवा वनड्राइव्हचं अ‍ॅप काढून पुन्हा टाकायची घाई करू नका.
✅ आधी बघा, मग कॉपी घ्या, मग दुरुस्ती करा.

चुकून काही डिलीट झालंच तर घाबरू नका. गूगल ड्राइव्हच्या 'ट्रॅश'मध्ये फाइल ३० दिवस राहते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही 'रिसायकल बिन'मध्ये ३० दिवस राहते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. मुदत संपली की मात्र संपलं.

*पायरी १: खरं काय ते ब्राउझरमध्ये बघा*

संगणकावरच्या फोल्डरवर विश्वास ठेवू नका. क्रोम उघडा आणि ड्राइव्ह डॉट गूगल डॉट कॉम किंवा वनड्राइव्ह डॉट कॉम वर थेट जा. लांबच्या कपाटात खरोखर काय आहे ते तिथेच दिसतं. तीन शक्यता असतात:

▪️ *ब्राउझरमध्ये फाइल आहे, संगणकावर नाही.* चिंता नाही. माल सुरक्षित आहे, फक्त उतरलेला नाही.
▪️ *संगणकावर आहे, ब्राउझरमध्ये नाही.* इथे जपून. जगात एकच प्रत आहे. आधी ती पेन ड्राइव्हवर कॉपी करा, मग पुढचं.
▪️ *दोन्हीकडे नाही.* आधी ट्रॅश बघा. नंतर खाली पायरी ३ आणि ४ वाचा, बहुतेक वेळा फाइल दुसऱ्याच ठिकाणी सापडते.

आमची दुसरी शक्यता होती. बारा दिवसांची पानं फक्त त्या एका संगणकाच्या डिस्कवर होती. मध्येच डिस्क गेली असती तर तुमच्या वह्यांशिवाय काहीच उरलं नसतं.

*पायरी २: चिन्हं वाचायला शिका*

संगणकाच्या पडद्यावर खाली उजवीकडे घड्याळ असतं. त्याच्या शेजारी वर तोंड केलेला छोटा बाण असतो. तो दाबला की लपलेली चिन्हं दिसतात. वनड्राइव्हचा ढग तिथे असतो, गूगल ड्राइव्हचा त्रिकोणही तिथेच.

▪️ ढग *राखाडी, त्यावर तिरकी रेघ*: तुम्ही लॉगिनच नाही आहात. अपडेटनंतर असं होतं. ढगावर दाबा, तुमच्या *नेहमीच्या* खात्याने साइन इन करा.
▪️ ढगावर *लाल गोल आणि फुली*: फाइल चढवताना अडचण आली आहे. दाबलं की कारण दिसतं.
▪️ *दोन रेघांचं थांबल्याचं चिन्ह*: सिंक थांबवून ठेवलंय. 'रिझ्यूम' दाबा.
▪️ *गोल फिरणारे बाण*: काम चालू आहे. थांबा, संगणक बंद करू नका.
▪️ *चिन्हच नाही*: अ‍ॅप सुरूच झालेलं नाही. स्टार्टमध्ये नाव शोधून उघडा. मग 'सेटिंग्ज', 'अ‍ॅप्स', 'स्टार्टअप' इथे जाऊन त्याचं बटण चालू करा, म्हणजे संगणक सुरू झाला की तेही आपोआप सुरू होईल.

आता फाइलीशेजारची चिन्हं. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलीजवळ *निळा पोकळ ढग* असेल तर ती फाइल तुमच्या संगणकावर नाही, फक्त कपाटात आहे. नेट नसेल तर उघडणार नाही. *हिरवी खूण* असेल तर ती संगणकावरही आहे. बरेच जण निळा ढग बघून "फाइल खराब झाली" समजतात. खराब नाही, लांब आहे. नेहमी लागणाऱ्या फाइलीवर उजवं बटण दाबून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, म्हणजे ती नेट नसतानाही उघडेल.

*पायरी ३: खातं तेच आहे ना?*

घरच्या लॅपटॉपवर ही भानगड नेहमी होते. बाबांचं एक जीमेल, मुलीचं एक, कॉलेजचं तिसरं. अपडेटनंतर संगणक पुन्हा लॉगिन विचारतो आणि घाईत दुसरंच खातं टाकलं जातं. मग ड्राइव्ह उघडतो, पण रिकामा. "सगळं गेलं!" म्हणून रात्रभर झोप नाही.

गेलं काहीच नसतं. दुसऱ्याच्या घराचं कुलूप उघडलेलं असतं. कोपऱ्यातल्या गोल फोटोवर दाबा आणि कोणतं जीमेल आहे ते पूर्ण वाचा, एक अक्षरही सोडू नका. कोणत्या खात्यात काय ठेवलंय ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पासवर्ड मात्र तिथे लिहू नका.

आणखी एक. अपडेटनंतर डेस्कटॉप अगदी कोरा दिसला आणि 'आपल्या खात्यात साइन इन करता येत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर संगणकाने तुम्हाला *तात्पुरत्या* खोलीत बसवलंय. तिथे काहीही सेव्ह करू नका, साइन आउट करताना ते पुसलं जातं. संगणक रीस्टार्ट करून बघा. दोन-तीनदा करूनही तसंच असेल तर जाणकाराला बोलवा.

*पायरी ४: डेस्कटॉपची जागा बदलली का? (आमची चूक इथे होती)*

हा मुद्दा नीट वाचा.

विंडोज ११ ची मांडणी करताना पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हवर ठेवण्याचा भागही असतो. आम्ही न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलो. ते चालू झालं.

चालू झालं म्हणजे काय? पडद्यावर डेस्कटॉप तसाच दिसतो, पण त्याचा *पत्ता* बदलतो. आधी डेस्कटॉप हा थेट तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो. आता तो तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या *वनड्राइव्ह* फोल्डरच्या आत जातो. घर तेच दिसतंय, पण गट नंबर बदललाय.

आमचा गूगल ड्राइव्ह मात्र जुन्या पत्त्यावरच पहारा देत होता. आम्ही पानं ठेवत होतो नव्या डेस्कटॉपवर, आणि तो बघत होता जुन्या, रिकाम्या फोल्डरकडे. त्याच्या मते नवीन काहीच आलं नव्हतं, म्हणून त्याने तक्रारही केली नाही. लाल फुली नाही, सूचना नाही. बारा दिवस सगळं आलबेल.

तुमच्याकडे असं झालंय का, हे असं तपासा: डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाइलीवर उजवं बटण दाबा, 'प्रॉपर्टीज' निवडा, 'लोकेशन' वाचा. त्यात वनड्राइव्ह हा शब्द आला तर जागा बदललेली आहे.

आता दोन रस्ते आहेत, कोणताही एक निवडा. दोन्ही एकदम नको.

*रस्ता अ.* वनड्राइव्हच ठेवायचं. मग ढगावर दाबा, गिअर, 'सेटिंग्ज', 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप' इथे कोणते फोल्डर चालू आहेत ते बघा. पण लक्षात ठेवा, वनड्राइव्हवर फुकट जागा *५ जीबी* मिळते. ती भरली की नवीन फाइल चढत नाही.

*रस्ता ब.* गूगल ड्राइव्हच ठेवायचं. मग 'मॅनेज बॅकअप'मध्ये डेस्कटॉपचा बॅकअप बंद करा. इथे सावध! बंद केल्यावर डेस्कटॉप मोकळा दिसू शकतो. फाइली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्येच असतात. तिथून कॉपी करून खऱ्या डेस्कटॉपवर आणा. *कट-पेस्ट नको, कॉपी-पेस्ट.* सगळं मोजून नीट आलंय याची खात्री झाल्यावरच जुनं आवरा.

आम्ही रस्ता ब घेतला. शिवाय कामाचा फोल्डर डेस्कटॉपवर ठेवणंच बंद केलं. वेगळा फोल्डर केला आणि गूगल ड्राइव्हच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'माय कॉम्प्युटर' इथे जाऊन 'अ‍ॅड फोल्डर'ने तोच जोडला. आता विंडोजने डेस्कटॉपची जागा कितीही बदलली तरी आपल्या पानांना धक्का नाही.

*पायरी ५: छोट्या अडचणी, मोठा खोळंबा*

▪️ *तारीख-वेळ.* संगणकाची तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही आणि सिंक अडतो. जुन्या संगणकात आतला छोटा सेल संपला की तारीख मागे जाते. 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'डेट अँड टाइम' इथे वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करून 'सिंक नाऊ' दाबा. दर वेळी तारीख चुकत असेल तर सेल बदलून घ्या.

▪️ *मोबाइलचा हॉटस्पॉट.* आपल्याकडे बहुतेकांचा लॅपटॉप फोनच्या नेटवर चालतो. विंडोजमध्ये त्या वाय-फायला 'मीटर्ड' असा शिक्का लागलेला असेल, तर डेटा वाचवण्यासाठी वनड्राइव्ह स्वतःहून थांबतो. वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'मीटर्ड कनेक्शन' बंद करा, किंवा तेवढ्यापुरतं ढगावर दाबून 'सिंक एनीवे' निवडा. काम झालं की पुन्हा आहे तसं करा, नाहीतर दिवसाचा डेटा दुपारीच संपेल.

▪️ *बॅटरी सेव्हर.* लॅपटॉप बॅटरीवर चालू असताना बचत चालू असेल तरीही सिंक थांबू शकतो. चार्जर लावून बघा.

▪️ *फाइलीचं नाव.* "सातबारा ७/१२" असं नाव द्यायची आपली सवय. पण तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, दोन टिंबं (:), तारा (*) ही चिन्हं विंडोजला फाइलीच्या नावात चालत नाहीत. "७-१२" असं आडव्या रेघेने लिहा. तारीखही "०५-११" अशीच.

▪️ *जागा भरली.* गूगलची फुकट जागा *१५ जीबी*, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. अँड्रॉइड फोनचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यातच मोजला जातो. १५ भरले की फाइली चढायच्या थांबतात आणि जीमेलवर मेल येणंही थांबतं. लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगच्या चित्रांनी जागा भरायची आणि फवारणीचं पान बाहेर ताटकळायचं, असं नको.

▪️ *एकाच फाइलीच्या दोन प्रती.* सिंक बरेच दिवस बंद राहून पुन्हा सुरू झाला, आणि मधल्या काळात तीच फाइल दोन ठिकाणी बदलली गेली असेल, तर दोन प्रती तयार होतात. एकीच्या नावापुढे संगणकाचं नाव किंवा (१) असा आकडा लागतो. दोन्ही उघडा, ओळी ताडून बघा, एकात सगळं आणा. त्यानंतरच दुसरी काढा.

*पायरी ६: तरीही होत नसेल तर*

आधी संगणक पूर्ण रीस्टार्ट करा. मग अ‍ॅपमधून खातं तोडून पुन्हा जोडा. वनड्राइव्हमध्ये 'अकाउंट' इथे 'अनलिंक धिस पीसी' आहे, गूगल ड्राइव्हच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'डिस्कनेक्ट अकाउंट' आहे. *पण त्याआधी न चढलेल्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्याच पाहिजेत.* पुन्हा जोडल्यावर सगळ्या फाइली तपासून होईपर्यंत वेळ लागतो, दोन-चार तासही लागू शकतात. मध्ये बंद करू नका.

अपडेटच नकोसं झालं असेल तर 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'रिकव्हरी' इथे 'गो बॅक' असतं. पण विंडोज ११ वर गेल्यापासून साधारण *१० दिवसच* ही वाट उघडी असते, नंतर जुनी विंडोज आपोआप पुसली जाते. आम्हाला कळलं बाराव्या दिवशी. म्हणजे अपडेट केल्यावर तपासणी *पहिल्याच दिवशी* करायची, ही शिकवण. आणि मागे जाऊनही उपयोग थोडाच, कारण विंडोज १० ची मोफत सुरक्षा मुदत संपलेलीच आहे.

*आता फोनचं*

फोनचं अँड्रॉइड अपडेट झाल्यावरही असंच होतं. पाच गोष्टी तपासा:

१) *गूगल फोटोज:* वरच्या गोल फोटोवर दाबा. बॅकअप चालू आहे की बंद, ते तिथेच लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्यांचा बॅकअप आपोआप होतोच असं नाही. तो फोल्डर वेगळा चालू करावा लागतो.

२) *परवानगी:* अँड्रॉइड १४ पासून अ‍ॅपला 'सगळे फोटो' किंवा 'निवडक फोटो' अशी परवानगी देता येते. चुकून 'निवडक' दाबलं असेल तर अ‍ॅपला तेवढेच फोटो दिसतात. शिवाय काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपची परवानगी फोन स्वतःहून काढून घेतो.

३) *फक्त वाय-फाय:* ड्राइव्हच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'ट्रान्सफर फाइल्स ओन्ली ओव्हर वाय-फाय' असं बटण आहे. ते चालू असेल आणि मळ्यात वाय-फाय नसेल, तर फाइल रांगेतच बसून राहणार. फोटोजमध्येही बॅकअपसाठी मोबाइल डेटा वापरायचा की नाही, ते वेगळं ठरवावं लागतं.

४) *बॅटरी आणि डेटा सेव्हर:* दोन्हींपैकी काही चालू असेल तर मागे चालणारं काम थांबतं. पान पाठवताना अ‍ॅप उघडं ठेवा.

५) *फोटो डिलीट करताना:* गूगल फोटोजमधून फोटो काढला तर तो फोनवरून आणि कपाटातून, दोन्हीकडून जातो. फोनमध्ये जागा करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा. ते फक्त आधी सुरक्षित चढलेले फोटो फोनवरून काढतं.

*कोणत्या फाइली परत मिळतात, कोणत्या नाही*

सातबारा, आठ-अ पुन्हा काढता येतो. आधार पुन्हा डाऊनलोड होतं. बँकेचं स्टेटमेंट पुन्हा मिळतं. त्यांच्यासाठी झोप उडवू नका.

पण गारपिटीनंतर लगेच काढलेला बागेचा फोटो पुन्हा काढता येत नाही. पीक विम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते. तेव्हा फोटो 'चढतोय, चढतोय' करत बसला तर वेळ निघून जाते. औषधाचं बिल, वजनाची पावती, फवारणीचं पान, मजुरांचा हिशेब, या गोष्टीही एकदाच होतात. त्यांच्या *तीन प्रती* हव्यात: एक कागदावर, एक फोनवर किंवा संगणकावर, एक ड्राइव्हवर. आणि महिन्यातून एकदा सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन तो कपाटात ठेवा. तो संगणकाला कायम लावून ठेवू नका.

त्या दिवशी आपल्याला शेवटी कोणी वाचवलं? सभासदाच्या काखेतल्या वहीने. पानं संगणकात सापडायच्या आधी खरेदीदाराला आम्ही त्या वहीचेच फोटो पाठवले. म्हणून *कागदाची वही बंद करू नका.* फोन आला म्हणून पेन सोडू नका.

*चाचणी फाइल: दोन मिनिटांचं काम*

कोणतंही अपडेट झालं, संगणकाचं असो की फोनचं, की लगेच हे करा:

✅ आजच्या तारखेच्या नावाने एक छोटी फाइल किंवा फोटो नेहमीच्या फोल्डरमध्ये ठेवा.
✅ दहा मिनिटं थांबा.
✅ *दुसऱ्या* फोनवर, ब्राउझरमधून त्याच खात्याचा ड्राइव्ह उघडा.
✅ ती फाइल दिसली, तर सगळं ठीक. नाही दिसली, तर पायरी १ पासून सुरू करा.

आम्ही बारा दिवसांपूर्वी ही दोन मिनिटं दिली असती तर आपल्या माणसाला तो फोन करावा लागला नसता.

*कंपनीने काय बदललं*

▪️ मधल्या बारा दिवसांची सगळी पानं आता ड्राइव्हवर चढवली आहेत. तरी प्रत्येकाने आपापली लिंक उघडून *तारखा वहीशी ताडून बघाव्यात.* एखादं पान कमी असेल तर पुन्हा फोटो पाठवा. "पुन्हा कशाला" असं कोणी म्हणणार नाही.
▪️ यापुढे पान ड्राइव्हवर *दिसल्यावरच* ऑफिसमधून तुम्हाला "नोंद चढली" असं उत्तर येईल. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करून विचारा. तो तुमचा हक्क आहे.
▪️ पानाचा फोटो शक्यतो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि औषधाचं प्रमाण वाचता येत नाही.
▪️ दर शनिवारी ऑफिसमध्ये पेन ड्राइव्हवर वेगळी प्रत घेतली जाईल.

*शेवटचं, पण महत्त्वाचं* ⚠️

"तुमचा ड्राइव्ह बंद होणार आहे, लिंक दाबा", "स्टोरेज संपलं, ओटीपी सांगा" असे फोन आणि मेसेज येतात. आपली कंपनी ओटीपी, पासवर्ड किंवा पिन *कधीही* विचारत नाही. ड्राइव्ह दुरुस्त करून देतो म्हणून कोणी तुमच्या फोनचा पडदा बघायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर टाकू नका. त्याच फोनवर तुमची बँकही असते.

अडलं तर फोन किंवा लॅपटॉप घेऊन ऑफिसला या. येताना चार्जर आणा, तुमचा नेहमीचा जीमेल पत्ता लिहून आणा, आणि फवारणीची वही आणा. येण्याआधी काही डिलीट मात्र करू नका.

हा संदेश आपल्या गटातल्या ज्यांना लागेल त्यांना पुढे पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी
(नोंदी व संगणक विभाग) 🙏